एका पक्षाच्या दोन चिटणीसबाई

माझ्या आयुष्यातलं एक सबंध वर्ष असं गेलं की मी एकटी असून कागदोपत्री दोघी होते. दोघींनाही पद होतं, दोघींनाही मान होता, आणि दोघींचा एकमेकींशी पत्रव्यवहार होता. आता नातवंडांना सांगितलं तर त्यांना वाटतं आजी रचून सांगतेय. रचायची अक्कल तेव्हा असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

आधी पक्षाचं सांगते. माझे बाबा पालघरचे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, बोईसरचे. दोघेही समाजवादी, पण वेगवेगळ्या पक्षांतले. मूळचा पक्ष एकच. तो फुटला. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तत्त्वावरून फुटला, मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे बाबांसारख्यांवरून. रक्तपात नको, हुकूमशाही नको, मतपेटीतून समता आणायची, गरिबाला जमीन, धान्य, शाळा मिळवून द्यायची, इथपर्यंत दोन्हीकडे शब्दसुद्धा तेच. "एवढं जमतंय तर फुटलात कशाला?" असं सासूबाई विचारायच्या. त्यावर मामंजी तासभर बोलायचे आणि शेवटी चहा मागायचे. माणसं म्हणाल तर दोन्ही पक्षांचे तालुक्यातले सभासद मिळून दोन बैलगाड्यांत मावले असते. अर्थात एका गाडीतले दुसऱ्या गाडीत बसले नसते.

अशा दोन घरांत सोयरीक झाली, कारण पक्ष सोडून बाकी सगळं जुळलं. पत्रिका बघायला बाबांनी ठाम नकार दिला, म्हणून आईने ती गुपचूप दाखवून आणली. मुलगा, म्हणजे आमचे हे, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर स्टोअर सांभाळायचे. पक्का पगार, आणि कुठल्याच पक्षात नाहीत. आईच्या मते याहून चांगलं स्थळ तालुक्यात नव्हतं.

लग्नात नाव बदललं. मामंजी स्त्रीपुरुष समतेवर उभे राहिले की खाली बसायचं विसरत, पण ताटातले तांदूळ सासूबाईंचे होते. त्या तांदळांत यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं आणि मी निमूट वाचलं. त्याच्या आदल्याच साली मी पालघरात 'स्त्री ही कुणाची वस्तू नव्हे' असं भाषण ठोकलेलं. पण खरं सांगते, नवं नाव जुन्यापेक्षा जरा ऐटदार होतं. तत्त्व तिथेच संपलं.

सत्यनारायणाऐवजी मामंजींनी माझ्यापुढे पक्षाच्या सभासदत्वाचा अर्ज ठेवला. नव्या नावाने केलेली ती माझी पहिली सही. तिला मी अशी लांब शेपटी काढली की ती खालच्या ओळीत गेली. इकडे पालघरला बाबांनी माझं जुनं नाव त्यांच्या यादीतून काढलंच नाही. "सासरी गेली म्हणजे पक्षातून गेली, असं घटनेत कुठं लिहिलंय?" असं ते आईला म्हणाले. खरी गोष्ट अशी की त्यांच्या यादीत बाई म्हणून मी एकटीच होते. आणि मामंजींच्या यादीतही.

पुढे वरच्या पुढाऱ्यांनी दोन्ही पक्षांचं विलीनीकरण केलं. आमच्या तालुक्याची पहिली संयुक्त बैठक बोईसरला एका भातगिरणीच्या ओट्यावर भरली. गिरणी बंद ठेवलेली, तरी तूस सगळ्यांच्या टोप्यांवर उडत होतं. वरून नियम आला होता: जुन्या दोन पक्षांचा मान सारखा राहावा म्हणून दोन वर्षं प्रत्येक पदावर दोघं, एक इकडचा आणि एक तिकडचा, आणि दोघांच्या सह्यांशिवाय पक्षाचा कागद बाहेर जाणार नाही. त्याप्रमाणे बाबा आणि मामंजी, दोघेही अध्यक्ष. बाकडं एकच होतं. दोघे व्याही दोन टोकांना बसले आणि मधे टोप्या ठेवल्या.

मग महिला विभाग आला. बाबांच्या बाजूने एकाने उठून माझं माहेरचं नाव सुचवलं. लगेच मामंजींच्या बाजूने एकाने माझं सासरचं नाव सुचवलं. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळे गिरणीच्या पत्र्याकडे पाहू लागले. ज्याने तोंड उघडलं असतं त्याच्या बाजूची एक जागा गेली असती.

ठराव वाचणाऱ्याने विचारलं, "दोन्ही भगिनी उपस्थित आहेत ना?"

"आहेत," बाबा म्हणाले.

"आहेत," मामंजी म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवून नमस्कार केला. मग जरा थांबून परत एकदा केला. टाळ्याही दोनदा पडल्या. मला वाटलं, माझं वक्तृत्व दोन्ही बाजूंना पटलंय, तालुक्याला माझ्यावाचून गत्यंतर नाही. आमचे हे संध्याकाळी सगळं ऐकून म्हणाले, "अभिनंदन. दोघींचंही." मला त्यात टोमणा दिसला नाही.

यापुढचं सांगायला जरा धीर लागतो. मी ते पद खरं धरून चालू लागले. नियमात होतं की दोन्ही चिटणिसांनी प्रत्येक कागदावर आपलं मत लेखी द्यावं. मी दोन शाया आणल्या. माहेरची चिटणीस निळ्या शाईत लिहायची, सासरची काळ्या. माहेरचीचं अक्षर उजवीकडे झुकायचं, सासरचीचं सरळ. माहेरची जरा कडक, सासरची समजूतदार. दोघींत मतभेद व्हायचे. शिवणवर्ग मंगळवारी घ्यावा की गुरुवारी यावर त्यांची पाच टिपणं झाली आणि शेवटी विषय तहकूब राहिला. हे मला विचारायचे, "आज स्वयंपाक कुठल्या बाईंनी केलाय? मीठ बेताचं आहे." आणि मी त्यांना समाजवादात विनोदबुद्धीला स्थान कमी असल्याचं सांगायचे.

अशातच बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर चौघी बायका आल्या. बेटेगावच्या पलीकडे डोंगराकडे एक पाडा होता, तिथल्या. पावसावर नाचणी-वरी पिकवायची आणि ती सरली की कामाला लांब जायचं, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. त्यांच्यातली थोरली होती तिला मी मावशी म्हणायचे. बारीक, काळी, कपाळावर गोंदलेलं, आणि डोळे असे की समोरच्याने खोटं बोलायचा विचार आधीच सोडावा.

"बाई, आमची कारडं गेली," ती म्हणाली.

गोष्ट अशी झाली होती की दिवाळीनंतर सगळा पाडा नेहमीप्रमाणे गवत कापायला वसईकडे गेला होता. पाठीमागे रेशन कार्डांची तपासणी झाली. तपासणीला आलेल्या माणसाला घरं बंद दिसली, त्याने 'राहत नाहीत' असा शेरा मारला, आणि अकरा घरांची नावं कापली गेली. त्या दिवसांत धान्य कुठेच नव्हतं. रेशनवर परदेशचा तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीचीच एक जात, मिळायचा. भाकरी थापली की फुटायची, खाल्ली की घशात बसायची, तरी लोक त्यासाठी रांग लावायचे. पावसाळ्यात डोंगराला काम नसतं आणि घरात दाणा नसतो. तेव्हा पाऊस लागायच्या आत कार्डं परत मिळाली तर अकरा चुली चार महिने पेटणार, नाही तर कंद उकरायचे. वैशाख चालू होता. पालघरच्या मामलेदार कचेरीत हरकतीचे अर्ज महिनाअखेरपर्यंतच घेणार होते, आणि ते कुठल्यातरी संस्थेच्या शिफारशीने यावेत असं कचेरीने सांगितलं होतं.

"बिनधास्त जा," मी म्हटलं. "पक्ष तुमच्या पाठीशी आहे."

"पक्ष म्हंजे कोन?"

"मी," असं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आम्ही दोघी चिटणीस आहोत."

अर्ज लिहिला. अकरा घरांची गोष्ट आठ ओळींत संपत होती, पण माहेरच्या चिटणीसबाईंना सुरुवातीला न्याय्य वाटपाच्या सिद्धांतावर एक परिच्छेद हवा होता. सासरच्या बाईंनी तो अनावश्यक ठरवला. तीन दिवस त्यात गेले. मग परिच्छेद अर्धा करून समेट झाला. सासरच्या बाईंनी सही केली. आता माहेरच्या बाईंची सही हवी. त्यांचा पत्ता पक्षाच्या दप्तरी पालघरचा होता. तेव्हा मी काय केलं, तर अर्ज पाकिटात घातला, त्यावर माझंच जुनं नाव आणि बाबांचा पत्ता लिहिला, आणि बोईसरच्या पोस्टात टाकला. टाकताना मला फार शिस्तबद्ध वाटलं.

त्या आठवड्यात मी पालघरला जाणारच होते, पण सासूबाईंच्या कुरडया निघाल्या. मग पापड. मग मिरच्या. समता एक वेळ थांबते, वाळवण थांबत नाही. पाकीट पालघरला पोचलं आणि बाबांनी ते दिवाणखान्याच्या फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

महिना संपायला एक दिवस उरला आणि मावशी परत ओट्यावर हजर. बरोबर त्याच तिघी.

"काय झालं गं बाई अर्जाचं?"

"दुसऱ्या चिटणीसबाईंची सही व्हायची आहे."

"ती कुठं ऱ्हाते?"

"पालघरला."

"मंग चल. आमी पन येतो. पाया पडू तिच्या, काय म्हनंल?"

आत मिरच्या दळत असलेल्या सासूबाईंचं जातं थांबलं. मी काहीतरी बोलले; आज गाडी नाही, ऊन फार आहे. मावशी म्हणाली, "उनात आमी डोंगरावरून आलो. तू काय लोन्याची हाय?" तेवढ्यात मामंजी टोपी घालून बाहेर आले. संयुक्त शाखेच्या अर्जावर एकट्या व्याह्यांच्या गावात सही होणं त्यांना प्रशस्त वाटेना. अशी आमची सहा जणांची वरात डहाणूकडून येणाऱ्या गाडीने पालघरला निघाली. गाडीत मावशी बाकीच्या तिघींना शिकवत होती: "बाईसमोर मोठ्यानं बोलू नका. मोठी बाई हाय. तिच्या सहीबिगर कागूद हालत नाय."

मी खिडकीबाहेर बघत होते. मिठागरं इतक्या लक्षपूर्वक मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

बाबांच्या अंगणात आंब्याखाली बायका बसल्या. मामंजी आणि बाबा ओसरीवर, नेहमीप्रमाणे दोन टोकांना. आईने सगळ्यांना पाणी दिलं. मी आत गेले, फळीवरचं पाकीट घेतलं, फोडलं, निळ्या शाईने उजवीकडे झुकणारी सही केली आणि शाई वाळवत बाहेर आले.

"झाली," मी म्हटलं.

"बाई कुठं?"

"आत आहेत. त्यांना बरं नाही."

मावशी उठली आणि सरळ माजघराच्या दारात गेली. आत डोकावली. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आत तुझी आय हाय. आनि मांजर हाय. सही कोनी केली, मांजरानं?"

ओसरीवर दोन्ही अध्यक्ष कौलांकडे पाहत होते. मला बोलावंच लागलं. मी सगळं सांगितलं: माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन शाया, पाकीट. सांगताना प्रत्येक वाक्य आधीच्याहून खुळं वाटत होतं. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तू तुलाच चिठी धाडलीस."

"हो."

"आनि ती पंधरा दिस तुझी वाट बघत बसली."

"हो, मावशी."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बाकीच्या तिघींकडे वळून एवढंच म्हणाली, "चला. कचेरी बंद व्हायच्या आत जाऊ."

दोन्ही अध्यक्षही आमच्या मागोमाग निघाले. कचेरीत पुरवठ्याचं टेबल एका अव्वल कारकुनाकडे होतं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, समोर कागदांचे ढीग, आणि माणूस वाईट नव्हे. त्यांनी अर्ज वाचला. न्याय्य वाटपाचा परिच्छेद आला तिथे जांभई दिली. मग सह्यांवर थबकले.

"या दोघी चिटणीस कुठं आहेत?"

"मी आहे," मी म्हटलं.

"आणि दुसरी?"

मी निळ्या सहीकडे बोट केलं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. "दोन्ही सह्यांचा 'क' एकाच वळणाचा आहे. शेपटीसकट." मग आमच्या सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "बाई, हा अर्ज कशाचा आहे? माणसं खरी असून नावं कापली, असा. आणि अर्जावर नाव आहे, माणूस नाही. मी हे पुढं पाठवलं तर साहेब मलाच विचारतील. हा कागद मला घेता येत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेलेले. बाबा खाकरले. मामंजींनी टोपी सारखी केली. 'ती दुसरी नाहीच' असं म्हणणाऱ्याने आपल्या पक्षाची एक जागा भर कचेरीत सोडली असती, आणि ती तर दोघांनी भातगिरणीच्या ओट्यावर वर्षापूर्वी जिंकलेली.

तेव्हा मावशी टेबलाशी आली.

"भाऊसायब," ती म्हणाली, "हिला दोन नावं हायत. आमाला एक पन नाय. हिचं एक कापा नि आमची लिवा."

भाऊसाहेबांनी चष्मा परत घातला. "कापतो की. पण कुठलं कापू? दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी लेखी दिलं पाहिजे, ही एकच बाई आहे म्हणून. मग एका सहीवर अर्ज घेतो."

टेबलावरची दौत आणि टाक बाबा आणि मामंजी यांच्या बरोबर मधे होते. चौघी बायका कुणाकडे पाहावं ते न कळून सगळ्यांकडे पाहत होत्या. त्यांतली एक, सगळ्यात लहान, पोटुशी होती. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

बाबांनी टाक उचलला. अर्जाच्या समासात माझ्या माहेरच्या सहीवर एक आडवी रेघ मारली, अगदी पट्टीने मारावी तशी सरळ, आणि खाली लिहिलं की ही माझी मुलगी, लग्नानंतरचं हिचं नाव वर आहे तेच, दुसरी व्यक्ती नाही. सही केली. टाक मामंजींकडे सरकवला.

मामंजींनी त्याखाली लिहिलं, 'वरील मजकूर बरोबर आहे.' मग म्हणाले, "व्याही, जागा तुमचीच राहील. तुम्ही दुसरी बाई द्या."

"दुसरी नाही हो आमच्याकडे," बाबा म्हणाले. "ती एकच होती. तुम्ही नेलीत."

कचेरीत पंखा नव्हता. दोघेही उपरण्याने तोंड पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मामंजींनी मावशीकडे पाहून विचारलं, "तुम्ही होता का हो चिटणीस? अंगठा चालतो."

"मला नको," मावशी म्हणाली. "आमाला कामं असतात. येक सही कराया तुमाला पंधरा दिस लागतात, बघितलं ना मी."

भाऊसाहेब पहिल्यांदा हसले आणि कोरा कागद ओढून घरं लिहायला बसले. मावशी नावं सांगत गेली. घरधनी, बायको, पोरं, म्हातारी असेल तर म्हातारी. प्रत्येक घराला ती थांबायची, डोळे मिटून ते घर बघायची, आणि मग सांगायची. मी शेजारी उभी राहून अक्षर बरोबर पडतंय का बघत होते. अकरा घरं पूर्ण झाली तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. मागून येणाऱ्या चौकशीच्या माणसाला पाडा कुठून दिसतो, कुठला ओहोळ ओलांडायचा, हेही मावशीने लिहून घ्यायला लावलं. "नायतर परत म्हनंल, ऱ्हात नाय."

पक्षाचं म्हणाल तर दीड-दोन वर्षांतच तो परत फुटला. बाबा आणि मामंजी पुन्हा दोन बाजूंना गेले. मात्र या खेपेला दोघांनीही मला यादीत घालायचा आग्रह केला नाही. त्या दोन शाया मी यांच्या स्टोअरला देऊन टाकल्या. हे म्हणाले, "निळी बाई गेल्यापासून घरात जरा शांतता आहे."

कार्डं त्याच साली मृगाच्या आधी आठ दिवस आली. बोईसरच्या रेशन दुकानापुढे बांधकामावरच्या मजुरांची रांग, त्यात हिंदी, गुजराती, आपली, सगळ्या भाषांत कुरकुर चाललेली. मावशी रांगेतून बाहेर येऊन माझ्याकडे आली आणि कार्ड पुढे केलं.

"वाच."

मी वाचलं. तिच्या नवऱ्याचं, तिचं, दोन मुलांचं, सुनेचं.

"परत वाच."

परत वाचलं. तिने कार्ड घडी करून कमरेला खोचलं.

"नऊ घरांची आली," ती म्हणाली. "दोन ऱ्हायली. त्या पोरीचं नाय आलं, ती भितीला बसली व्हती ना."

मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले, दुकानदाराकडून कागद मागून घेतला आणि दोन घरांचा अर्ज लिहिला. पाच ओळी झाल्या. सिद्धांत कुठे घालावा याचा विचारही मनात आला नाही. सही केली आणि पाकीट मागायला उठले, तर मावशीने कागद हातातून काढून घेतला.

"पोस्टात नको," ती म्हणाली. "गाडी किती वाजता हाय?"